आकाशाच्या उबेवरून विश्वाचं मोजमाप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात ‘विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे’ असं सांगितलं की कोणीतरी हमखास विचारतं, ‘पण हे मोजलं कोणी आणि कसं?’ मला हा प्रश्न फार आवडतो. आकडा पाठ करणं सोपं आहे, तो आला कुठून हे समजून घेण्यातच खरा आनंद आहे. गेल्या काही वर्षांत श्रोत्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची जमेल तितकी सविस्तर उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

वैश्विक पार्श्वभूमी प्रारण म्हणजे नेमकं काय?

आकाशात तारे, दीर्घिका, धूळ असं जे जे दिसतं ते सगळं मनातल्या मनात बाजूला काढा. तरीही प्रत्येक दिशेकडून एक अतिशय मंद प्रारण येतच राहतं. त्याच्या लहरी साधारण मिलिमीटरभर लांबीच्या, म्हणजे मायक्रोवेव्हच्या पट्ट्यातल्या आहेत. त्याचं तापमान २.७२५५ केल्व्हिन, म्हणजे शून्याखाली सुमारे २७०.४ अंश सेल्सिअस. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीएमबी म्हणतात. पुढे मी हेच छोटं नाव वापरेन.

हा प्रकाश विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा आहे. त्याआधी सगळीकडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि हेलियमची अणुकेंद्रं यांचा तप्त रस होता. प्रकाशाचा कण जरा पुढे सरकला की इलेक्ट्रॉनवर आपटून दिशा बदलायचा. धुक्यात गाडीच्या दिव्याचं होतं तसंच. विश्व प्रसरण पावत गेलं, तापमान ३,००० केल्व्हिनच्या आसपास उतरलं, इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांशी जोडले गेले आणि धुकं विरलं. तेव्हा मोकळा झालेला प्रकाश आजही प्रवास करतो आहे. दरम्यान विश्व सुमारे १,०९० पट ताणलं गेलं, त्याबरोबर लहरीही ताणल्या गेल्या आणि तेव्हाचा केशरी उजेड आज मायक्रोवेव्ह होऊन पोचतो.

अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. दर घनसेंटिमीटरमध्ये या प्रकाशाचे सुमारे ४११ कण आहेत. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची साधी खोली घेतली तर या क्षणी तेवढ्या जागेच्या वाट्याला सुमारे १,४०० कोटी कण येतात. त्याउलट विश्वातला सगळा साधा पदार्थ एकसारखा पसरून टाकला, तर तेवढ्याच जागेत आठ-नऊ प्रोटॉन सापडतील.

हे सापडलं कसं?

शोधायला गेलेल्यांना ते मिळालं नाही, आणि मिळालं त्यांनी ते शोधलं नव्हतं. १९६४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे बेल प्रयोगशाळेचे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन शिंगाच्या आकाराचा एक मोठा अँटेना वापरत होते. तो मुळात उपग्रह संदेशवहनासाठी बांधलेला होता. त्यात एक खरखर येत राहिली. दिशा बदलली, दिवस-रात्र बदलली, ऋतू बदलले, तरी ती तेवढीच. आत घरटं केलेल्या कबुतरांना हुसकावून, त्यांची घाण साफ करूनही फरक पडला नाही. ही खरखर सुमारे ३.५ केल्व्हिन तापमानाएवढी होती.

त्याच वेळी जवळच प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी आणि जिम पीबल्स यांचा गट नेमकं हेच प्रारण पकडायला उपकरण जोडत होता. १९६५ मध्ये दोन्ही गटांचे निबंध एकाच अंकात आले. पेन्झियास आणि विल्सन यांना १९७८ चं नोबेल मिळालं, पीबल्स यांना २०१९ चं.

दोन माणसं या गोष्टीत मागे राहून जातात, म्हणून त्यांचा उल्लेख मी मुद्दाम करतो. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच असं प्रारण असायला हवं आणि त्याचं तापमान ५ केल्व्हिनच्या आसपास असेल, असं गणित मांडलं होतं. ते मोजून पाहायला कोणी पुढे आलं नाही. त्याहीआधी, १९४१ मध्ये, कॅनडात अँड्र्यू मॅकेलर यांनी ताऱ्यांमधल्या वायूतल्या सायनोजेन रेणूंवरून २.३ केल्व्हिन हे तापमान काढलं होतं. त्या आकड्याचा अर्थ मात्र तेव्हा कोणाच्याच लक्षात आला नाही.

तापमान दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत कसं मोजतात?

नासाचा कोबी उपग्रह १८ नोव्हेंबर १९८९ रोजी सुटला. त्यावरच्या एका उपकरणात जॉन मेदर यांच्या गटाने अगदी तराजूसारखी युक्ती केली होती. एका बाजूला आकाश, दुसऱ्या बाजूला सोबत नेलेली, तापमान अचूक माहीत असलेली एक काळी वस्तू. दोहोंकडून येणाऱ्या प्रारणातला फरक मोजायचा आणि काळ्या वस्तूचं तापमान बदलत बदलत तो फरक शून्याजवळ आणायचा.

जानेवारी १९९० मध्ये मेदर यांनी अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेच्या अधिवेशनात पहिला आलेख पडद्यावर दाखवला. तो जेमतेम नऊ मिनिटांच्या निरीक्षणांवर काढलेला होता. मोजलेले बिंदू मॅक्स प्लँक यांनी १९०० मध्ये सांगितलेल्या, काळ्या वस्तूच्या प्रारणाच्या वक्रावर इतके चपखल बसले होते की सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजू लागल्या. आलेख पाहून टाळ्या वाजण्याचे प्रसंग विज्ञानात थोडेच! हाच वक्र प्रकाशकणांच्या नव्या मोजणीपद्धतीतून सिद्ध करून सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइन यांना पाठवला होता, हे आठवलं की माझी छाती थोडी फुगते.

वक्र इतका नितळ असणं महत्त्वाचं का? वेगवेगळ्या तापमानाच्या उगमांची सरमिसळ असती तर तो असा आलाच नसता. एकेकाळी सगळं विश्व दाट, तप्त आणि एकाच तापमानाचं होतं, हे या वक्रावरून कळतं.

पूर्वी हे तापमान जास्त होतं, हे प्रत्यक्ष कोणी पाहिलं आहे का?

हो, आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेतले रघुनाथन श्रीआनंद, फ्रान्सचे पॅट्रिक पेटिजाँ आणि सेड्रिक लेडू यांनी चिलीमधल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपमधून एका दूरच्या क्वेसारचा, म्हणजे अतिशय तेजस्वी अशा दीर्घिकेच्या केंद्राचा, वर्णपट घेतला. क्वेसारच्या प्रकाशाच्या वाटेत एक वायूचा ढग होता. आपण त्याला पाहतो ते सुमारे १,१०० कोटी वर्षांपूर्वीच्या स्थितीत. त्या ढगातले कार्बनचे अणू किती प्रमाणात वरच्या ऊर्जापातळीवर गेले आहेत, यावरून भोवतालच्या प्रारणाचं तापमान कळतं. २००० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेलं उत्तर असं होतं: ६ पेक्षा जास्त, १४ पेक्षा कमी. गणिताने अपेक्षित होतं ९.१ केल्व्हिन. २००८ मध्ये श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी अशाच दुसऱ्या ढगातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून ९.१५ हा आकडा काढला. तिथे अपेक्षा होती ९.३ ची आणि मोजमापातली अनिश्चितता पाऊण अंशाच्या आतली.

एवढ्या जुन्या काळाला लावलेला हा तापमापकच म्हणायचा!

नकाशातले लाल-निळे ठिपके म्हणजे काय?

ते तापमानातले बारीक फरक आहेत, लाखात एक भाग इतके. रंग अर्थातच आपण दिलेले. हे फरक पहिल्यांदा कोबीनेच दाखवले. जॉर्ज स्मूट यांच्या गटाने ते एप्रिल १९९२ मध्ये जाहीर केलं. मेदर आणि स्मूट यांना २००६ चं नोबेल मिळालं. मग नासाच्या डब्ल्यूमॅपने (२००१ ते २०१०) आणि युरोपच्या प्लँक उपग्रहाने (उड्डाण १४ मे २००९) हाच नकाशा कितीतरी पट बारकाईने काढला. प्लँकचे काही संवेदक केल्व्हिनच्या दहाव्या भागापर्यंत थंड ठेवावे लागत. सीएमबीची ऊब मोजायची तर थर्मामीटर तिच्याहून गार हवा.

ठिपक्यांच्या आधी एक मोठा फरक वजा करावा लागतो. आकाशाची एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा किंचित गरम दिसते, सरासरीच्या वर-खाली सुमारे ३.३६ मिलिकेल्व्हिन. कारण आपली सूर्यमाला या प्रारणाच्या संदर्भात सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने सिंह राशीच्या बाजूला चालली आहे. ज्या दिशेला जातो तिकडचं प्रारण थोडं तापलेलं दिसतं. म्हणजे विश्वाचे गुणधर्म मोजायच्या आधीच आपल्याला आपला स्वतःचा वेग मिळतो.

ठिपक्यांवरून विश्वाबद्दल इतकं सगळं कसं कळतं?

हाच या पानाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा निवांत बसू.

माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. आवाजावरून भाजणी पक्की आहे की कच्ची, कुठे तडा आहे का, ते कळतं. आत डोकवावं लागत नाही. तबल्यावर शाई असते म्हणून त्याचे स्वर साध्या चामड्यापेक्षा वेगळे आणि सुरेल निघतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी यावर १९२० मध्ये निबंधही लिहिला. थोडक्यात, वस्तू कशाची बनली आहे आणि वजन कुठे किती आहे, हे तिच्या आवाजात उमटतं. बालवयातलं विश्वही वाजत होतं.

खरोखर वाजत होतं, हे शब्दशः घ्या. त्या तप्त रसात कुठे पदार्थ जरा जास्त, कुठे जरा कमी. जास्त असेल तिथे गुरुत्वाकर्षण रसाला आत ओढायचं. दाबला गेला की अडकलेल्या प्रकाशाचा दाब वाढून रस पुन्हा बाहेर फेकला जायचा. दाबणं आणि फुलणं, म्हणजेच ध्वनिलहरी. त्यांचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून थोडा जास्त होता. ३ लाख ८० हजार वर्षांनी प्रकाश सुटला तेव्हा दाबच नाहीसा झाला आणि प्रत्येक लहर त्या क्षणी जिथे होती तिथेच तिचं चित्र उमटलं.

आता आकाशाच्या नकाशावर एक मोजणी करायची: कोणत्या आकाराचे ठिपके किती ठळक आहेत? आडव्या अक्षावर आकार, उभ्या अक्षावर ठळकपणा. निघणाऱ्या आलेखात डोंगररांगेसारखे उंचवटे दिसतात. पहिला आणि सर्वांत उंच उंचवटा साधारण एक अंशाच्या आकाराला आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळपास दुप्पट. या लहरींना त्या अवधीत नेमकं एकदा दाबलं जायला वेळ मिळाला होता. दुसरा उंचवटा एकदा दाबून पुन्हा फुललेल्यांचा. तिसरा दाब, फुगवटा आणि पुन्हा दाब अशा लहरींचा. त्यापुढचे उंचवटे बुटके होत जातात, कारण अगदी छोट्या आकारांत प्रकाशकण इकडून तिकडे झिरपून फरक पुसून टाकतात. जोसेफ सिल्क यांनी १९६८ मध्ये हे आधीच सांगून ठेवलं होतं.

या डोंगररांगेचा प्रत्येक चढ-उतार विश्वाच्या कोणत्या ना कोणत्या गुणधर्माशी बांधलेला आहे. म्हणूनच एका आलेखातून इतके आकडे निघतात.

विश्व ‘सपाट’ आहे म्हणजे पोळीसारखं?

नाही. अवकाशाला तीनही मिती आहेतच. सपाट याचा अर्थ शाळेतली भूमिती तिथे लागू पडते: समांतर रेषा समांतर राहतात, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश येते.

मोजण्याची रीत सर्व्हेअरच्या कामासारखी आहे. ध्वनिलहर त्या अवधीत जास्तीत जास्त किती दूर जाऊ शकली, ते अंतर भौतिकीच्या नियमांनी काढता येतं: प्रकाश सुटला तेव्हाच्या मापाने सुमारे ४ लाख ३० हजार प्रकाशवर्षं. ही झाली पट्टी. ती आपल्यापासून किती दूर आहे हेही काढता येतं. मग ती आकाशात किती कोन व्यापते ते पाहायचं. अवकाश चेंडूसारखं वक्र असेल तर प्रकाशाच्या वाटा वाकून पट्टी मोठी दिसेल. खोगिरासारखं असेल तर लहान दिसेल. प्रत्यक्षात ती सुमारे ०.६ अंश दिसते, सपाट अवकाशात जितकी दिसायला हवी तितकीच.

या प्रश्नाचा ठाम निकाल लावण्यात एका फुग्याचा मोठा वाटा आहे. बूमरँग नावाची दुर्बीण १९९८ च्या डिसेंबरअखेरीस अंटार्क्टिकावर फुग्याने वर नेली गेली. दक्षिण ध्रुवाभोवतीच्या वाऱ्यांवर सुमारे दहा दिवस फिरून ती निघाली त्याच भागात परत आली, म्हणून तिचं ते नाव. एप्रिल २००० मध्ये तिचे निष्कर्ष आले. मॅक्सिमा या दुसऱ्या फुग्याचं उत्तरही तेच होतं. आज प्लँक आणि दीर्घिकांच्या विखुरणीची मोजमापं एकत्र केली तर वक्रता शून्य आहे आणि अनिश्चितता अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

साधा पदार्थ किती आणि डार्क मॅटर किती, हे वेगवेगळं कसं काढतात?

उंचवट्यांच्या उंचीची तुलना करून.

तुमच्या-माझ्या शरीरातला साधा पदार्थ प्रकाशाशी बांधलेला होता. तो जितका जास्त, तितका रस जड. जड रस गुरुत्वाकर्षणाच्या खड्ड्यात, म्हणजे पदार्थ जास्त असलेल्या जागी, अधिक खोल जातो, पण फुलताना मात्र तेवढा जोर येत नाही. त्यामुळे दाबले गेल्याचे उंचवटे, म्हणजे पहिला आणि तिसरा, वर उचलले जातात आणि दुसरा खाली राहतो. प्रत्यक्षात दुसरा पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. यावरून साध्या पदार्थाचं प्रमाण निघतं: विश्वाच्या एकूण ऊर्जेच्या सुमारे ४.९ टक्के.

डार्क मॅटर म्हणजे न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारा पदार्थ. त्याला प्रकाशाचा दाब जाणवत नाही. रस आत-बाहेर करत असताना ते शांतपणे साचत राहतं आणि खड्डे टिकवून धरतं. ते नसतं तर तिसरा उंचवटा दुसऱ्याच्या मानाने बराच खुजा दिसला असता. प्लँकच्या आलेखात तिसरा जवळजवळ दुसऱ्याच्या बरोबरीने उभा आहे. त्यावरून डार्क मॅटर २६ ते २७ टक्के. उरलेले साधारण ६८ टक्के डार्क एनर्जीचे, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणाऱ्या अज्ञात ऊर्जेचे.

पण डार्क मॅटर तर गृहीतच धरलं आहे ना?

ते कोणत्या कणांचं बनलं आहे हे अजून कळलेलं नाही, ही गोष्ट खरी. पण ते सोयीसाठी घुसडलं आहे असं म्हणणं मला पटत नाही. दीर्घिकांच्या फिरण्यावरून, दीर्घिकासमूहांच्या वस्तुमानावरून आणि सीएमबीच्या तिसऱ्या उंचवट्यावरून, अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या वाटांनी तेच उत्तर समोर येतं.

साध्या पदार्थाच्या बाबतीत तर याहून सुंदर पडताळा आहे. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजनपासून ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि हेलियम तयार झालं. किती ड्यूटेरियम शिल्लक राहील ते तेव्हाच्या साध्या पदार्थाच्या घनतेवर ठरतं. दूरच्या वायूच्या ढगांतलं ड्यूटेरियम मोजून ही घनता काढली, तर ती सीएमबीने दिलेल्या घनतेशी जुळते. एक साक्ष पहिल्या काही मिनिटांची, दुसरी ३ लाख ८० हजार वर्षांनंतरची. साक्षीदार वेगळे, जबाब एकच.

मग वय कसं निघतं? प्रकाशावर तारीख तर लिहिलेली नसते!

वय थेट मोजलं जात नाही. पदार्थ, प्रारण आणि डार्क एनर्जी किती आहे ते कळलं की आइन्स्टाइन यांच्या समीकरणांवरून विश्व कधी किती वेगाने पसरत होतं ते कळतं. हा वेग आजपासून मागे मागे लावत नेला की एकूण किती काळ लागला ते निघतं. प्लँकच्या २०१८ च्या विश्लेषणात, दीर्घिकांच्या मोजमापांची जोड देऊन, उत्तर आलं १,३७९ कोटी वर्षं, दोन कोटी वर्षं इकडेतिकडे. डब्ल्यूमॅपने २००३ मध्ये १,३७० कोटी सांगितलं होतं, वीस कोटींच्या अनिश्चिततेसह. पंधरा वर्षांत अनिश्चितता दहापट आकसली आणि आधीच्या मर्यादेतच राहिली. मला आकड्यापेक्षा याचंच अप्रूप अधिक वाटतं.

पहिले तारे कधी पेटले हेही यातून कळतं म्हणतात, ते कसं?

ढोबळ अंदाज मिळतो. पहिल्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनचे अणू पुन्हा फोडले आणि इलेक्ट्रॉन मोकळे झाले. त्यांच्यावर सीएमबीचे सुमारे पाच टक्के कण पुन्हा आपटले. आपटून विखुरलेल्या प्रकाशाला ध्रुवण येतं, म्हणजे त्याच्या कंपनांना ठरावीक दिशा मिळते. मोठ्या कोनांवरचं हे ध्रुवण मोजून तो पाच टक्क्यांचा आकडा मिळतो. अतिशय नाजूक मोजमाप आहे हे. डब्ल्यूमॅपचा सुरुवातीचा आकडा बराच मोठा होता, पुढे तो खाली आला. सीएमबीचं ध्रुवण मुळात पहिल्यांदा टिपलं ते दक्षिण ध्रुवावरच्या डासी या उपकरणाने, २००२ मध्ये.

आपल्याच आकाशगंगेची धूळ मध्ये येत नाही का?

येते, आणि मोठमोठ्यांना चकवते.

मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने जाहीर केलं की ध्रुवणात भोवऱ्यासारखी नक्षी सापडली आहे आणि ती विश्वाच्या पहिल्या क्षणीच्या गुरुत्वीय लहरींची खूण आहे. जगभर बातमी झाली. पण ही दुर्बीण १५० गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर पाहत होती. आकाशगंगेतल्या धुळीचे कण चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने रांगेत बसतात आणि त्यांचं प्रारणही तशीच नक्षी काढू शकतं. एका वारंवारतेवर दोन्ही सारखंच दिसतं. प्लँक नऊ वारंवारतांवर पाहत होता. त्याच्या ३५३ गिगाहर्ट्झच्या नकाशात धूळ ठळक दिसते. दोन्ही गटांनी मिळून २०१५ च्या सुरुवातीला विश्लेषण केलं, तेव्हा तो संकेत धुळीने समजावता येतो असं निघालं.

हा प्रसंग मी नेहमी सांगतो, कारण चूक त्याच क्षेत्रातल्या लोकांनी, वर्षभराच्या आत, स्वतःचा आणि दुसऱ्याचा डेटा एकत्र करून दुरुस्त केली. तोच गट आज जास्त वारंवारता वापरून त्याच लहरींवर जगातल्या सर्वांत कडक मर्यादा घालतो आहे.

हबलच्या स्थिरांकाचं भांडण काय आहे?

विश्व आज किती वेगाने पसरतं आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे हबलचा स्थिरांक. त्याची दोन उत्तरं येतात. प्लँकवरून: ३२.६ लाख प्रकाशवर्षं दूर असलेली दीर्घिका सेकंदाला ६७.४ किलोमीटर वेगाने दूर जायला हवी, अनिश्चितता अर्ध्या किलोमीटरची. ॲडम रीस यांचा गट जवळच्या दीर्घिकांतले सेफीड (ठरावीक लयीत उजळणारे) तारे आणि अतिनवतारे (स्फोट होणारे तारे) वापरून ७३ काढतो, अनिश्चितता सुमारे एकची. फरक आठ टक्क्यांचा, आणि दोन्ही बाजूंची अनिश्चितता पाहता तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. वेंडी फ्रीडमन यांचा गट वेगळे तारे वापरून ७० च्या आसपास येतो. चिलीतल्या ॲटॅकामा कॉस्मॉलॉजी टेलिस्कोपने प्लँकपासून स्वतंत्रपणे सीएमबी मोजला, त्याची बाजू प्लँककडे आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. सीएमबी आजचा वेग थेट मोजत नाही. बालपणीचं विश्व मोजून, मधल्या काळाचं प्रतिमान (मॉडेल) बरोबर आहे असं धरून, आजचा वेग सांगतो. म्हणजे कुठेतरी मोजमापात चूक असेल, नाहीतर मधल्या किंवा सुरुवातीच्या काळात आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी घडलं असेल. दुसरी शक्यता खरी निघाली तर ती फार मोठी गोष्ट ठरेल, पण आपल्याला आवडते म्हणून ती खरी धरायची नाही.

एकाच आकाशावरून इतके ठाम निष्कर्ष काढणं योग्य आहे का?

शितावरून भाताची परीक्षा करतो तेव्हा दुसरी-तिसरी शितंही चेपून पाहता येतात. इथे शीतच एक आहे. लहान ठिपके आकाशात हजारोंनी आहेत, म्हणून त्यांची सरासरी पक्की. पण अर्धं आकाश व्यापणारे मोठे फरक मोजकेच, त्यामुळे तिथे कितीही उत्तम उपकरण आणलं तरी अनिश्चितता उरतेच. आणि नेमक्या याच मोठ्या आकारांत काही खटकणाऱ्या गोष्टी आहेत: सर्वांत मोठे फरक अपेक्षेपेक्षा फिके, आकाशाचे दोन अर्धगोल किंचित असमान, दक्षिणेकडे एक मोठा थंड डाग. योगायोग की काही खोल कारण, हे फक्त तापमानाच्या नकाशावरून ठरवता येणार नाही.

जयंत नारळीकर महास्फोट मानत नव्हते. मग?

महास्फोट (बिग बँग) म्हणजे वर सांगितलेलं, दाट आणि तप्त अवस्थेतून पसरत गेलेल्या विश्वाचं चित्र. हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो आणि तो आदराने घ्यायला हवा. नारळीकर, फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांनी १९९३ मध्ये जवळजवळ स्थिर अशा विश्वाचं प्रतिमान मांडलं. त्यांच्या मते सीएमबी हा ताऱ्यांचाच जुना प्रकाश होता, लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांसारख्या धुळीने शोषून पुन्हा बाहेर टाकलेला. एकूण ऊर्जेचा त्यांचा हिशेब विचार करायला लावणारा होता. पण उंचवट्यांची सगळी रांग आणि तिच्याशी ताल धरणारं ध्रुवण ध्वनिलहरींच्या चित्रातून जितकं सहज येतं, तितकं त्या प्रतिमानातून येत नाही. माझं मत प्रचलित प्रतिमानाच्या बाजूने आहे.

तरीही एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नारळीकरांनी उभारलेल्या आयुकातच विश्वशास्त्रज्ञ तरुण सौरदीप (तरुण हे त्यांचं नाव) आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रचलित चौकटीत सीएमबीवर जगाने दखल घ्यावी असं काम केलं. स्वतःचं मत वेगळं असूनही दुसऱ्या मताला घरात जागा देणारा माणूस २० मे २०२५ रोजी पुण्यात गेला.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने सीएमबी मोजता येतो का?

नाही. नारायणगावजवळच्या त्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या याहून बऱ्याच लांब लहरींसाठी आहेत. त्या पट्ट्यात आकाशगंगेचा स्वतःचा रेडिओ गोंगाट वरचढ ठरतो. सीएमबीसाठी कोरडी हवा लागते, कारण बाष्प मायक्रोवेव्ह शोषतं. म्हणून दक्षिण ध्रुव, चिलीतलं अटाकामाचं वाळवंट किंवा सरळ अवकाश. भारतीय शास्त्रज्ञांनी सीएमबी-भारत नावाच्या उपग्रहाचा प्रस्ताव इस्रोपुढे मांडलेला आहे.

या प्रारणाने अपाय होतो का?

अजिबात नाही. चौरस मीटरमागे वॉटचे जेमतेम तीन दशलक्षांश भाग ऊर्जा पोचते. दुपारचं ऊन त्याच्या कोट्यवधी पट आहे.

हे सगळं मला स्वतःला पडताळून पाहता येईल?

येईल. प्लँक आणि डब्ल्यूमॅप या दोन्हींचे नकाशे सर्वांसाठी मोफत खुले आहेत. पायथन येत असेल तर हीलपाय ही संगणकप्रणाली घेऊन आकाशाचा नकाशा घरच्या लॅपटॉपवर उघडता येतो आणि त्यातून उंचवट्यांचा आलेख स्वतः काढता येतो. आकाशगंगेचा पट्टा आधी झाकायला मात्र विसरू नका. दुसरीकडे कॅम्ब नावाची प्रणाली आहे. तिला पदार्थाचं, डार्क मॅटरचं प्रमाण, हबलचा स्थिरांक वगैरे आकडे दिले की आलेख कसा दिसायला हवा ते ती सांगते. तिची ऑनलाइन आवृत्तीही मिळते. साधा पदार्थ दुप्पट करून पाहा, दुसरा उंचवटा खाली बसेल. डार्क मॅटर काढून टाका आणि तिसऱ्याचं काय होतं ते बघा. मग मूळ आकडे परत घाला आणि तुमच्या आलेखावर प्लँकचे बिंदू ठेवून पाहा.